गोळ्या चालू, रिपोर्ट स्वच्छ, मग व्हायरस बसलाय कुठे? झोपलेल्या टी सेलचं प्रकरण

"सर, रिपोर्टमध्ये टार्गेट नॉट डिटेक्टेड आलंय, लागोपाठ तिसऱ्यांदा, मग आता गोळी बंद केली तर चालेल का?"

हा प्रश्न मला ओळखीतल्या एका गृहस्थांनी विचारला, पुण्यातलेच, चाळिशी ओलांडलेले, एचआयव्ही असलेले, रात्री जेवण झालं की एक गोळी घेतात आणि दहा वर्षांत एकदाही चुकवलेली नाही. मी मायक्रोबायोलॉजी शिकवतो, डॉक्टर नाही, त्यामुळे गोळीचं काय ते तुमच्या एआरटी सेंटरच्या, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्राच्या, डॉक्टरांशीच बोला, आणि त्यांच्याशी बोलल्याशिवाय एक दिवसही बंद करू नका, हे पहिल्यांदा सांगितलं. पण "का बंद करायची नाही" हे त्यांना आजवर कोणी नीट समजावून सांगितलं नव्हतं. बंद करू नका, बंद करू नका, एवढंच ऐकलेलं. रक्तात व्हायरस सापडत नाही असं मशीन सांगतंय आणि तरी गोळी आयुष्यभर, हे माणसाला पटणार कसं?

याचं उत्तर एका माणसाच्या लॅबमधून जवळजवळ तीस वर्षं टप्प्याटप्प्याने आलेलं आहे. रॉबर्ट सिलिसियानो, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स मेडिकल स्कूलमधले इम्युनॉलॉजिस्ट, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीचा अभ्यास करणारे. एम.एस्सी.च्या मुलांना मी दरवर्षी हे प्रकरण पूर्ण शिकवतो, तेच इथे लिहितोय, जरा सविस्तर, कारण मराठीत हे सलग एका जागी वाचायला मिळत नाही आणि मिळायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

आधी तेव्हाची परिस्थिती काय होती ते बघू.

१९९५च्या जानेवारीत नेचर या विज्ञान नियतकालिकात दोन पेपर एकदम आले, एक डेव्हिड हो यांच्या ग्रुपचा आणि एक जॉर्ज शॉ यांच्या ग्रुपचा. तोपर्यंत समज असा होता की एचआयव्ही शरीरात शिरल्यावर बरीच वर्षं गुपचूप पडून असतो. या पेपरांनी दाखवलं की तसं अजिबात नाही, रोज अब्जावधी नवे व्हायरस तयार होतायत आणि रोज तितकेच मरतायत, आणि ज्या टी सेलमधून, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशीतून, ते बाहेर पडतात ती सेल जेमतेम दोन दिवस जगते. मग १९९६मध्ये तीन औषधं एकत्र द्यायची पद्धत आली, त्यात प्रोटिएज इनहिबिटर नावाची नवी औषधं होती, आणि व्हँकुव्हरच्या एड्स परिषदेत त्याचे आकडे मांडले गेले तेव्हा लोक अक्षरशः रडले असतील असे ते आकडे होते. अंथरुणाला खिळलेली माणसं उठून कामाला जायला लागली. रक्तातला व्हायरस दोन आठवड्यांत धाडकन खाली, मग थोडा हळू खाली, मग टेस्टला दिसेनासा.

आता गणिती डोक्याच्या माणसाला यातून सरळ प्रश्न सुचतो, की याच वेगाने कमी होत गेला तर शून्यावर कधी येईल? अ‍ॅलन पेरलसन आणि हो यांनी मे १९९७मध्ये ते गणित मांडलं, उत्तर आलं २.३ ते ३.१ वर्षं. म्हणजे औषधाने व्हायरसचं काम पूर्ण थांबवलं तर तीनेक वर्षांत संपूर्ण सफाया. आणि हे मी मुद्दाम सांगतो, कारण नंतर लोकांनी त्या पेपरला उगाच नावं ठेवली, की हे गणित आम्हाला माहीत असलेल्या पेशींपुरतं आहे, लपलेला दुसरा साठा असेल तर वेळ वाढेल, ही सावधगिरी त्याच पेपरमध्ये होती. बाहेर पसरताना मात्र तेवढं वाक्य मागे राहिलं आणि "तीन वर्षं" पुढे गेलं.

तो लपलेला साठा असू शकतो असं सिलिसियानोंना का वाटत होतं, हा या प्रकरणातला मला सगळ्यात आवडणारा भाग आहे. कारण ते मुळात टी सेलवाले. १९८०च्या दशकात त्यांचं काम होतं एचआयव्हीच्या जीपी१२० प्रोटीनला टी सेल कसा प्रतिसाद देतात यावर. व्हायरसकडून विचार करणारा माणूस विचारतो की व्हायरस काय करतो, टी सेलकडून विचार करणारा विचारतो की ही सेल आयुष्यभर काय करते आणि त्यात व्हायरस घुसला तर काय होईल, आणि दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पुस्तकात आधीपासून होतं.

टी सेलचं आयुष्य असं असतं बघा. सीडी४ टी सेल (एचआयव्ही ज्यात घुसतो तो टी सेलचा प्रकार) तयार झाली की आधी नुसती फिरत राहते, रक्तातून लिम्फ नोडमध्ये, नोडमधून परत रक्तात, शांत. तिच्या वाट्याचा एकच जंतू असतो, तो दिसला तर ती जागी होते, फुगते, वाटून वाटून हजारो होतात, लढाई होते, आणि लढाई संपली की त्यातल्या बहुतेक सगळ्या मरतात. थोड्या मरत नाहीत. त्या परत शांत होतात, लहान होतात, आणि झोपतात, त्याच मेमरी सेल. आपल्या आईवडिलांच्या दंडावर देवीच्या लशीचा गोल व्रण असतो ना, त्या लशीची आठवण ठेवणाऱ्या टी सेल निम्म्या व्हायला ८ ते १५ वर्षं लागतात असं मोजलेलं आहे, म्हणजे पन्नास वर्षांनीही काही शिल्लक असतात. शरीराने ही सोय आपल्या भल्यासाठी केलेली आहे, एकदा गोवर झाला की परत होत नाही तो याच आठवणीमुळे.

आता एचआयव्हीला आवडते ती जागी झालेली सीडी४ सेल. तिच्यावर सीसीआर५ नावाची दुसरी कडी जास्त असते, आत सगळी यंत्रणा धावत असते, व्हायरस आत जातो, आपल्या आरएनएचा डीएनए करतो आणि तो डीएनए सेलच्या स्वतःच्या डीएनएमध्ये शिवून टाकतो. पुढे दोन दिवसांत सेल मरते. पण समजा, शंभरातली नव्हे, हजारातली नव्हे, फार क्वचित एखादी सेल अशी असते की व्हायरस शिवला गेला तेव्हा ती नेमकी झोपायला निघालेली होती. लढाई संपलेली, यंत्रणा बंद होत आलेली. व्हायरसला स्वतःची कॉपी काढायला सेलचीच माणसं लागतात, एनएफ-कप्पा-बी, एनएफएटी असे प्रोटीन, ते जाग्या सेलमध्ये न्यूक्लियसमध्ये असतात आणि झोपलेल्या सेलमध्ये बाहेर अडकवून ठेवलेले असतात. मग व्हायरसचा डीएनए आहे, पण वाचणारं कोणी नाही. सेल झोपली, तिच्यासोबत तोही झोपला. तो एकही प्रोटीन काढत नाही म्हणून रोगप्रतिकारशक्तीला दिसत नाही, आणि औषधं जी आहेत ती व्हायरसच्या चालू कामात खोडा घालतात, इथे कामच चालू नाही तर खोडा कशात घालणार.

शेतकरी घरातला कोणी वाचत असेल तर त्याला लव्हाळा लगेच आठवेल. वरून फवारा मारला की पात जळून जाते, रान साफ दिसतं, आणि खाली मातीत गाठी तशाच. गाठ झोपलेली असते तेव्हा तिला औषध पोचत नाही. पाऊस पडला की परत. त्या गृहस्थांना मी हेच सांगितलं, त्यांचं गाव जुन्नरकडचं, त्यांना एका मिनिटात समजलं.

पण हे झालं तर्काचं. अशी सेल खरंच आहे हे सिद्ध करायचं कसं? ती दिसायला इतर झोपलेल्या सेलसारखीच, बाहेरून काही खूण नाही, आणि लाखो सेलमध्ये एक. डीएनए शोधायची पीसीआर टेस्ट करता येते, पण त्याने फक्त "व्हायरसचा डीएनए आहे" एवढं कळतं, तो जिवंत आहे की मोडका तुकडा आहे हे कळत नाही.

सिलिसियानोंच्या लॅबने यावर जी टेस्ट बसवली ती अतिशय कष्टाची आहे. पेशंटचं १८० ते २०० मिलीलिटर रक्त घ्यायचं, म्हणजे रक्तदानाच्या पिशवीच्या निम्म्याच्या आसपास. त्यातून झोपलेल्या सीडी४ सेल वेगळ्या काढायच्या, जागी असलेली एकही राहता कामा नये कारण मग निकालाला अर्थच नाही. मग त्या वाटीवाटीत वाटायच्या, एका वाटीत ५० लाख, पुढच्यात १० लाख, मग २ लाख, ४० हजार, ८ हजार, अशा पाचपट कमी करत. मग त्यांना केमिकलने आणि दुसऱ्या माणसाच्या रेडिएशन दिलेल्या सेल घालून जोरात जागं करायचं, म्हणजे आतला व्हायरस जिवंत असेल तर बाहेर पडेल, आणि वर एचआयव्ही नसलेल्या माणसाच्या ताज्या टी सेल घालायच्या, म्हणजे बाहेर पडलेला व्हायरस त्यांच्यात वाढेल. दोन-तीन आठवडे सांभाळायचं आणि व्हायरसचं पी२४ प्रोटीन मोजायचं. ज्या वाटीत पी२४ आलं त्या वाटीत किमान एक सेल होती. कोणत्या वाटीपर्यंत येतं त्यावरून दहा लाखांत किती ते काढायचं. एका पेशंटच्या एका आकड्यासाठी एवढा उपद्व्याप, आणि तोसुद्धा बीएसएल-३, म्हणजे धोकादायक जंतूंसाठीच्या कडक सुरक्षेच्या लॅबमध्ये. मुलांना हे सांगितलं की ती विचारतात "सर, पीसीआर का नाही केली", आणि तिथेच शिकवायला मजा येते, कारण पीसीआर का नाही याचं खरं उत्तर पुढे २०१३मध्ये आलं, ते येईलच.

१९९५मध्ये ते-वूक चुन, डायना फिन्झी आणि सहकाऱ्यांचा पहिला पेपर नेचर मेडिसिनमध्ये आला, तेव्हा तीन औषधांचा जमाना अजून सुरू व्हायचा होता. अशा सेल आहेत, व्हायरस त्यांच्या डीएनएत शिवलेला आहे आणि त्या अगदी थोड्या आहेत, एवढं त्यात होतं. १९९७मध्ये नेचरला पूर्ण शरीराचा अंदाज आला, जिवंत व्हायरस घेऊन झोपलेल्या सेल एका माणसात १ कोटीपेक्षा कमी. शरीरात एकूण टी सेल किती, तर हजारो कोटी. त्या मानाने हे काहीच नाही. तरी यावरून लगेच कोणी घाबरलं नाही, कारण हे औषधं नीट नसलेल्या पेशंटमधलं होतं, औषधांनी हे पण जाईल असं धरून चालायला जागा होती.

मग १४ नोव्हेंबर १९९७, सायन्स या नियतकालिकाचा अंक. फिन्झी आणि सिलिसियानोंचा पेपर. २२ पेशंट, सगळे तीन औषधांवर, काही तर ३० महिन्यांपर्यंत, सगळ्यांचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं व्हायरसचं प्रमाण, न दिसणारा. त्यांच्या झोपलेल्या सेल काढल्या, जाग्या केल्या, आणि व्हायरस आला, अगदी ठरल्यासारखा आला. प्रमाण दर १० लाख सेलमागे ०.२ ते १६.४. आणि ज्याला औषध चालू होऊन थोडे महिने झालेत आणि ज्याला अडीच वर्षं झालीत त्यांच्यात फरक नाही, म्हणजे वेळ जातोय पण साठा घटत नाही. त्याच अंकात सॅन दिएगोच्या डग्लस रिचमन यांच्या ग्रुपचा पेपर, तेच सापडलं. त्याच महिन्यात पीएनएएस या नियतकालिकात अँथनी फाउची यांच्या एनआयएचच्या (अमेरिकन सरकारची आरोग्य संशोधन संस्था) लॅबचा पेपर, तेच, आणि त्याचा पहिला लेखक कोण तर ते-वूक चुन, जो सिलिसियानोंकडे पीएचडी करून तिकडे गेला होता. तीन ठिकाणी एकदम तेच सापडलं म्हणून कोणाला हात झटकता आले नाहीत.

फिन्झींच्या पेपरमध्ये आणखी एक गोष्ट आहे जी पटकन वाचली तर निसटते. बाहेर आलेल्या व्हायरसमध्ये, पेशंट जी औषधं घेत होता त्यांना दाद न देणारी म्युटेशन साधारणपणे नव्हती. एचआयव्ही प्रत्येक कॉपी काढताना चुका करतो, तो औषधाच्या समोर जागा राहून वाढत असता तर बदलला असता. हा बदललेलाच नव्हता. म्हणजे औषध सुरू व्हायच्या आधीचा जसाच्या तसा, जुन्या फोटोसारखा. यातून दोन गोष्टी निघतात, एक चांगली आणि एक वाईट. चांगली अशी की औषधं खरंच काम करतायत, नवा संसर्ग थांबलाय. वाईट अशी की ज्या गोष्टीवर औषध काम करतंय तिचा या साठ्याशी संबंधच नाही, त्यामुळे आणखी जालीम औषध दिलं म्हणून साठा कमी होणार नाही. दुसरी बाजू म्हणत राहिली की नाही, कुठेतरी थोडं थोडं वाढणं चालूच असणार आणि साठा तिथून भरला जात असणार. २००९मध्ये याच लॅबने चालू औषधांवर आणखी एक औषध वाढवून बघितलं, रक्तात मिलिलिटरमागे जी एखादी कॉपी राहते ती कमी होते का, तर नाही झाली. माझ्या मते वाद तिथे बराचसा मिटला, काही लोक अजून मानत नाहीत.

आता किती दिवस टिकतो हा साठा? १९९९मध्ये फिन्झींनी मोजलं, निम्मा व्हायला ४३.९ महिने. हे फळ्यावर करून बघायला फार सोपं आहे. समजा १ लाख सेल आहेत, निम्म्या, परत निम्म्या, असं करत एकावर यायला साधारण साडेसोळा वेळा निम्म्या व्हाव्या लागतात, गुणिले ४४ महिने, म्हणजे ७३० महिने, ६० वर्षं. पेपरमध्ये हाच आकडा आहे. १० लाख धरल्या तर २० वेळा, ८८० महिने, ७३ वर्षं, आणि २००३मध्ये जॅनेट सिलिसियानो, त्या रॉबर्ट यांच्या पत्नी आणि लॅबमधल्या सहकारी, यांनी पेशंटचा ७ वर्षांपर्यंत पाठपुरावा करून दिलेला आकडा ७३.४ वर्षं. तीन वर्षांची आशा सहा वर्षांत त्र्याहत्तर वर्षांवर गेली. २०१५मध्ये नॉर्थ कॅरोलिनाच्या ग्रुपने स्वतंत्रपणे मोजलं, ३.६ वर्षं, म्हणजे ४३ महिने. वेगळी लॅब, वेगळे पेशंट, आकडा तोच. बायॉलॉजीत असं सहसा होत नाही.

आता पीसीआरचं. २०१३मध्ये सेल जर्नलमध्ये या-ची हो यांचा पेपर आला, सिलिसियानोंच्याच लॅबमधला. त्यांनी असा विचार केला की वाटीत जाग्या करूनही ज्या सेलमधून व्हायरस आलाच नाही त्यांच्या आत काय आहे? असे २१३ व्हायरस-डीएनए एकेक करून पूर्ण वाचले. ८८.३ टक्के मोडके निघाले, मोठमोठे तुकडे गायब, किंवा एका विशिष्ट पद्धतीने खराब झालेले, यांच्यातून कधीच व्हायरस होणार नाही. म्हणजे पीसीआर जे मोजत होती त्यात बहुतेक भंगार होतं, हे मुलांच्या त्या प्रश्नाचं उत्तर. पण ११.७ टक्के पूर्ण धडधाकट होते. एकदा जागं केलं तेव्हा ते उठले नाहीत, एवढंच. त्यांची कॉपी काढून तपासली तर चालणारी निघाली. म्हणजे आधीची कष्टाची टेस्ट खरा साठा कमी दाखवत होती, आणि खरा साठा त्याच्या ६० पटीपर्यंत असू शकतो. स्वतःच्याच लॅबची, जगभर वापरली जाणारी टेस्ट कमी मोजते हे स्वतः छापायचं, याला मी मोठेपणा म्हणतो, आणि मुलांना तो पेपर मी याच कारणासाठी वाचायला लावतो. नंतर २०१९मध्ये याच लॅबने धडधाकट आणि मोडके वेगळे मोजणारी नवी डीएनए टेस्ट आणली, आयपीडीए, तिला एवढं रक्त आणि एवढे आठवडे लागत नाहीत.

मधल्या काळात एक कल्पना फार गाजली, साठ्याला औषधाने मुद्दाम जागं करायचं, व्हायरस उठला की सेल आपोआप मरेल किंवा किलर टी सेल (व्हायरस असलेल्या सेल मारणाऱ्या टी सेल) तिला मारतील. २०१२मध्ये नॉर्थ कॅरोलिनाच्या डेव्हिड मार्गोलिस यांनी व्होरिनोस्टॅट हे कॅन्सरचं औषध ८ पेशंटना दिलं, झोपलेल्या सेलमध्ये व्हायरसचा आरएनए सरासरी ४.८ पट वाढला, म्हणजे उठवता येतं हे दिसलं. त्याच वर्षी सिलिसियानोंच्या लॅबमधून लियांग शान यांचा पेपर आला आणि त्याने त्या आनंदाला लगाम घातला. उठवलेल्या सेल मेल्याच नाहीत. पेशंटचे स्वतःचे किलर टी सेल शेजारी ठेवले तरी मेल्या नाहीत. किलर सेलना आधी एचआयव्हीचे तुकडे दाखवून परत तालीम दिली तेव्हा कुठे त्यांनी मारल्या. आणि २०१५च्या पेपरमध्ये आणखी अडचण दिसली, साठ्यातल्या बहुतेक व्हायरसमध्ये नेहमीच्या किलर सेलना चकवणारी म्युटेशन आधीच बसलेली होती, फक्त ज्यांना संसर्ग झाल्याझाल्या लवकर औषध मिळालं त्यांच्यात कमी. लवकर औषध सुरू करण्याचं एक कारण त्यात आहे जे टेस्टच्या रिपोर्टवर कधी दिसत नाही.

किती साठा कमी केला म्हणजे गोळी बंद करता येईल याचंही गणित २०१४मध्ये झालं. वर्षभर व्हायरस परत येऊ नये एवढ्यासाठी साठा साधारण २,००० पट कमी हवा, कायमचं हवं असेल तर १०,००० पटीपेक्षा जास्त. आणि गणित असंही म्हणत होतं की कमी झालेला साठा काही वर्षं गप्प राहून एकदम उठू शकतो. त्याच वर्षी ते डोळ्यासमोर घडलं. मिसिसिपीमध्ये २०१०मध्ये जन्मलेलं एक बाळ, आईला एचआयव्ही, बाळाला जन्मानंतर ३० तासांत औषधं सुरू, साधारण दीड वर्षाचं असताना औषधं थांबली, आणि तरी व्हायरस सापडेना. मार्च २०१३मध्ये हॉपकिन्सच्याच डेबोरा पर्सॉड यांनी ते मांडलं तेव्हा जगभर बातमी झाली. औषधाशिवाय २७ महिने गेले. जुलै २०१४मध्ये तपासणीत व्हायरस परत, मिलिलिटरला १६,७५०, आणि आईच्या व्हायरसशी जुळणारा. २७ महिने तो कुठे होता? थोड्याशा सेलमध्ये, झोपलेला. ते मूल तेव्हा जेमतेम चार वर्षांचं होतं, मला हा भाग शिकवताना दरवेळी जड जातं.

बोस्टनमध्ये दोन पुरुषांना कॅन्सरसाठी बोन मॅरो ट्रान्सप्लांट झाला होता, साठा मोजण्याच्या पलीकडे घटलेला, दोघांनी औषध थांबवलं, एकाला १२ आठवड्यांत आणि दुसऱ्याला ३२ आठवड्यांत परत आला. एरवी औषध बंद केलेल्या बहुतेकांना २ ते ४ आठवडेच लागतात.

आणि मग २०२३चं, नॅटली मॅकमिन यांचा पेपर, तोही याच लॅबचा. सरासरी २२ वर्षं औषध घेतलेले ४२ लोक तपासले. अपेक्षा अशी की ४४ महिन्यांच्या हिशोबाने साठा आता पाचसहा वेळा निम्मा झालेला असेल. नव्हता. कमी होणं थांबलेलं होतं, उलट अगदी सावकाश वाढत होता, दुप्पट व्हायला २३ वर्षं. कारण व्हायरस वाढतोय म्हणून नाही, सेल वाटतेय म्हणून. मेमरी सेल अधूनमधून स्वतःच्या कॉपी काढते, कधी आपला जंतू परत भेटला म्हणून, कधी व्हायरस नेमका अशा जागी शिवला गेला की सेलच्या वाढीला हातभार लागला म्हणून, आणि प्रत्येक कॉपीत तो डीएनए आयता जातो. २०१४मध्ये सायन्समधल्या दोन पेपरांनी हे दाखवलं होतं, वेगवेगळ्या सेलमध्ये व्हायरस डीएनएच्या अगदी त्याच अक्षराला शिवलेला, म्हणजे सगळ्या एकाच सेलच्या लेकी. लव्हाळ्याची गाठ जमिनीखालीच गाठी घालत जाते ना, तसंच.

आपल्याकडे सरकारी एआरटी फुकट मिळायला १ एप्रिल २००४ला सुरुवात झाली, मुंबईचं जे. जे. पहिल्या केंद्रांपैकी एक. त्या वर्षी ज्यांनी गोळ्या सुरू केल्या ते आता या मॅकमिन यांच्या पेशंटच्या रांगेत येऊन बसलेत, वीस वर्षं पार. त्यांना कोणी असं सांगितलं की इतकी वर्षं झाली, आता सगळं धुऊन निघालं असेल, तर ते चुकीचं आहे. माझ्या नात्यातल्या एकाने एका वैद्याच्या सांगण्यावरून आठ महिने गोळ्या सोडल्या होत्या, रिपोर्ट चांगला आहे म्हणून, आणि टीबी घेऊन परत आला. वाचला, पण त्या आठ महिन्यांची काही गरज नव्हती. आणि हे फक्त एका माणसाचं नाही, स्मार्ट नावाच्या मोठ्या ट्रायलमध्ये ५,४७२ लोक होते, रक्तातल्या सीडी४ सेलचा आकडा चांगला असला की गोळी थांबवायची आणि घसरला की परत सुरू करायची असं एका गटाला केलं, त्या गटात आजारपण आणि मृत्यू अडीच पटीहून जास्त व्हायला लागले म्हणून २००६च्या जानेवारीत नवे लोक घेणं थांबवलं.

त्या गृहस्थांना मी हे सगळं एका संध्याकाळी सांगितलं, कागदावर गाठी काढून, ४४ महिन्यांचं गणित करून. ते गप्प झाले म्हणून मी दुसरी बाजूही सांगितली, तीही तितकीच खरी आहे, की झोपलेल्या सेलमधला व्हायरस कोणाला लागत नाही. रक्तात सापडत नाही म्हणजे शरीरसंबंधातून बायकोला जात नाही. एचपीटीएन ०५२ नावाच्या ट्रायलमध्ये १,७६३ जोडपी होती, एक केंद्र पुण्यातलंच होतं, आणि २०११मध्ये निकाल आला की लवकर औषध सुरू केल्याने जोडीदाराला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी कमी झाला. गोळी चालू आहे तोवर ती गाठ गाठच राहते. त्यांना हे माहीत नव्हतं. दहा वर्षं नियमाने गोळी घेणाऱ्या माणसाला हे माहीत नव्हतं, याचं मला अजून वाईट वाटतं.

मग कागदाकडे बघत त्यांनी विचारलं, "ते दोनशे मिली रक्त घेऊन गाठी मोजतात ती टेस्ट इथे कोणी करतं का? मी देईन रक्त." मी म्हटलं, हॉपकिन्सचं बी. जे. मेडिकलसोबत पुण्यात बऱ्याच वर्षांपासून रिसर्च चालतं, तिथे आणि भोसरीच्या एड्स रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये चौकशी करून सांगतो. सोमवारी जातोय.